सेफ क्लस्टरवर इरेजर कोडिंग: पहिल्यांदा पूल उभारणाऱ्यांसाठी

सेफ (Ceph) हे सॉफ्टवेअर अनेक यंत्रांच्या डिस्क जोडून एकच मोठा साठा, म्हणजे क्लस्टर, बनवतं. इरेजर कोडिंग म्हणजे पूर्ण प्रती न ठेवता थोडे जादा तुकडे ठेवून डेटा वाचवण्याची रीत. सेफमध्ये तिचा पूल (pool, साठ्यातला एक वेगळा कप्पा) बनवायला दोन कमांड पुरतात. एक प्रोफाइल (सेटिंगांचा संच) बनवते, दुसरी त्या प्रोफाइलवरून पूल बनवते. मीही पहिला पूल असाच पाच मिनिटांत बनवला. तीन आठवड्यांनी एक यंत्र बंद पडलं आणि निम्म्याहून जास्त फाइली उघडेनात. डेटा गेला नव्हता, पण ते कळायला मला एक रात्र लागली. ती रात्र तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितेय.

काम होतं जुनी वर्तमानपत्रं आणि मोडी कागद स्कॅन करून जपण्याचं. ४०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलेलं ए-४ आकाराचं पान, कॉम्प्रेस न करता ठेवलं तर साधारण ४६ एमबी भरतं. साडेआठ लाख पानांचे झाले जवळजवळ ४० टीबी. कागद इतके जीर्ण की त्यातले बरेच दुसऱ्यांदा स्कॅनरवर ठेवता आले नसते. म्हणजे डेटा गमावून चालणार नव्हतं, आणि प्रत्येक फाइलच्या तीन प्रती ठेवायला १२० टीबी विकत घेण्याची ऐपत नव्हती. इरेजर कोडिंग अशाच अडचणीसाठी आहे.

तुम्हाला लिनक्स येतं आणि सेफचं साधं क्लस्टर उभारता येतं, हे मी गृहीत धरते. कमांड इथे देत नाही. त्या आवृत्तीगणिक थोड्या बदलतात, तेव्हा तुमच्या आवृत्तीच्या अधिकृत माहितीतूनच घ्या. कुठला आकडा का निवडायचा, हे मात्र तिथे एका जागी सापडत नाही. ते इथे सांगते. (सेफ हे नाव 'सुरक्षित' या अर्थाचं नाही. माकूळ आणि माखली ज्या वर्गात येतात त्या सेफॅलोपॉडवरून ते आलंय. नावावर विसंबू नका.)

आधी कल्पना समजून घ्या

कागद घ्या आणि दोन आकडे लिहा, ७ आणि ४. हा आपला डेटा. तिसरा आकडा दोघांची बेरीज, ११. चौथा म्हणजे पहिला अधिक दुसऱ्याची दुप्पट, १५. आता ७, ४, ११, १५ हे चार आकडे चार जणांकडे ठेवायला द्या. चौघांपैकी कोणतेही दोघे गावाला गेले तरी उरलेल्या दोघांवरून सगळं परत मिळतं. समजा ७ आणि ४ दोन्ही गेले. १५ मधून ११ वजा केले की ४, आणि ११ मधून ४ वजा केले की ७. बाकीच्या जोड्या स्वतः करून बघा. हे गणित एकदा हाताने केलं की पुढचं काही जड जात नाही.

सेफ हेच करतो. प्रत्येक ऑब्जेक्टचे (साठवलेल्या डेटाच्या एकेका गठ्ठ्याचे) 'के' तुकडे पाडतो, त्यांच्यावरून 'एम' जादा तुकडे काढतो आणि सगळे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो. एकूण के अधिक एम तुकड्यांपैकी कोणतेही के हाताशी असले की मूळ ऑब्जेक्ट उभा राहतो. ४+२ म्हणजे चार मूळ, दोन जादा. बेरजा मात्र साध्या नसतात. त्या २५६ घटकांच्या एका मर्यादित संख्यासंचात होतात, म्हणून उत्तर कधीच एका बाइटच्या बाहेर जात नाही. ही रीत आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत असताना १९६० साली मांडली. पुढे ती सीडीत आली, क्यूआर कोडमध्येही आली. चहाच्या टपरीवरचा तेलकट, एका कोपऱ्यात फाटलेला क्यूआर कोड तरीही स्कॅन होतो तो रीड–सॉलोमनमुळेच.

आता एक फरक, जो मला फार उशिरा कळला. 'इरेजर' म्हणजे तुकडा गहाळ आहे आणि कोणता गहाळ आहे हे आपल्याला माहीत आहे. तुकडा जागेवर आहे पण त्यातला मजकूर गुपचूप बिघडलाय, ही वेगळी अडचण. कोणता तुकडा खोटा बोलतोय हे ठाऊक नसेल, तर दोन जादा तुकड्यांतून एकच चूक दुरुस्त होते. ठाऊक असेल तर दोन. म्हणून प्रत्येक तुकड्याची चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) हवीच. सेफचा ब्लूस्टोअर (डिस्कवर डेटा लिहिणारा-वाचणारा भाग) ती आपोआप ठेवतो आणि वाचताना ताडून बघतो. चेकसम जुळली नाही की तो तुकडा गहाळ धरला जातो, आणि मग वरचं गणित पूर्ण ताकदीने लागू पडतं. वेग वाढवायला चेकसम बंद करण्याचा सल्ला कुठे वाचलात तर ऐकू नका.

पायरी १: तुमचा डेटा या पद्धतीला साजेसा आहे का?

मोठ्या फाइली, एकदा लिहायच्या, नंतर फक्त वाचायच्या: स्कॅन, व्हिडिओ, बॅकअपचे गठ्ठे, जुने लॉग. यांना इरेजर कोडिंग छान बसतं.

डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क यांना बसत नाही. तिथे ४ केबी इथे, ८ केबी तिथे असं सतत पुसून लिहिणं चालतं. इरेजर कोडिंगमध्ये छोटा बदल करायलाही जुने तुकडे वाचायचे, नवे जादा तुकडे काढायचे आणि पुन्हा लिहायचे असा व्याप पडतो. अशा डेटाला तीन प्रतीच ठेवा. एकाच क्लस्टरवर दोन्ही प्रकारचे पूल सुखाने नांदतात.

पायरी २: यंत्रं मोजा

माझी पहिली चूक इथे झाली. माझ्याकडे तीन यंत्रं होती, प्रत्येकात चार डिस्क. बारा डिस्क आहेत, ४+२ ला सहाच लागतात, असा हिशेब मी केला. सेफ मूळ ठरवणीप्रमाणे (डीफॉल्ट) प्रत्येक तुकडा वेगळ्या यंत्रावर ठेवू पाहतो. तीन यंत्रांवर सहा तुकडे बसेनात, पूल बनला, पण कामालाच लागेना. तेव्हा मी ती अट सैल करून 'प्रत्येक तुकडा वेगळ्या डिस्कवर' अशी केली. पूल लगेच हिरवा झाला.

आता बारा डिस्कमधून सेफने सहा निवडल्या की एकाच यंत्रावर दोन तुकडे तर येणारच, पुष्कळदा तीनही येतात. एक यंत्र बंद पडलं की काही ऑब्जेक्टचे दोन तुकडे जातात, काहींचे तीन. तीन गेले तिथे उरले तीन, आणि लागतात चार. ते यंत्र परत सुरू होईपर्यंत तो डेटा बंद. नेमकं हेच त्या रात्री झालं होतं.

तेव्हा पहिला प्रश्न असा विचारा: काय एकदम बंद पडू शकतं? डिस्क पडते, यंत्र पडतं. पण तीन यंत्रं एकाच यूपीएसवर असतील तर ती तिन्ही एकदम पडतात. एकाच नेटवर्क स्विचवर असतील तरीही तेच. ज्या गोष्टीमुळे एका झटक्यात अनेक तुकडे जातील, ती गोष्ट म्हणजे तुमचं खरं 'फेल्युअर डोमेन'. सेफच्या क्रश नकाशात (कोणता तुकडा कुठे ठेवायचा हे ज्यावरून ठरतं) यंत्र, रॅक, खोली अशा पातळ्या मांडता येतात. दोन यूपीएस असतील तर कोणतं यंत्र कशावर आहे ते कागदावर लिहून काढा. एका यूपीएसवर एमपेक्षा जास्त तुकडे जाणार असतील, तर एम दोन असो वा तीन, वीज गेली की डेटा थांबणार.

आणि यंत्रं के अधिक एम इतकीच ठेवू नका, निदान एक जास्त ठेवा. दुसऱ्या खेपेला मी सहा यंत्रांवर ४+२ उभारलं. एका यंत्राचा मदरबोर्ड गेला, नवा यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत सेफला हरवलेले तुकडे पुन्हा बनवून ठेवायला जागाच नव्हती. उरलेल्या पाचही यंत्रांवर त्याच ऑब्जेक्टचा एकेक तुकडा आधीच होता. सातवं यंत्र असतं तर दुरुस्ती आपोआप सुरू झाली असती आणि मदरबोर्डची वाट निवांत बघता आली असती.

पायरी ३: के आणि एम ठरवा

खर्च असा पडतो. तीन प्रतींमध्ये १ टीबीला ३ टीबी डिस्क लागते आणि दोन ठिकाणं गेलेली चालतात. ४+२ मध्ये दीड टीबी लागते आणि तेवढीच दोन गेलेली चालतात. ८+३ मध्ये १.३७५ टीबी, आणि तीन. हडूप या मोठ्या डेटासाठीच्या सॉफ्टवेअरच्या फाइल सिस्टीममध्ये तिसऱ्या आवृत्तीपासून ६+३ ची रचना मिळते, तिथे दीड टीबी आणि तीन. बॅकब्लेझ कंपनीने १७+३ वापरत असल्याचं जाहीर केलं होतं. एक फाइल वीस यंत्रांवर पसरलेली.

हे वाचून के वाढवायचा मोह होतो, कारण के जितका मोठा तितकी जागा वाचते. पण त्याची किंमत दुरुस्तीच्या दिवशी चुकवावी लागते. समजा एका डिस्कवर ५ टीबी डेटा होता आणि ती गेली. तीन प्रती असतील तर दुसरीकडून ५ टीबी वाचून ५ टीबी लिहिले की झालं. ४+२ मध्ये हरवलेला प्रत्येक तुकडा उभा करायला चार तुकडे वाचावे लागतात. म्हणजे २० टीबी वाचन. ८+३ मध्ये ४० टीबी. हे सगळं तुमच्या नेटवर्कवरून, लोकांचं रोजचं काम चालू असताना.

मोठ्या कंपन्यांनाही हे जड गेलं. मायक्रोसॉफ्टने आपल्या अझूर या क्लाउड सेवेसाठी २०१२ मध्ये वेगळी रचना मांडली. १२ मूळ तुकड्यांचे सहा-सहाचे दोन गट, प्रत्येक गटाचा स्वतःचा एक जादा तुकडा आणि शिवाय दोन सामायिक जादा तुकडे. एक तुकडा गेला तर बाराऐवजी सहाच वाचावे लागतात. सेफमध्येही अशा जातीचं एक प्लगइन (तुकड्यांचं गणित करणारा जोडभाग) आहे, पण पहिल्या पूलसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका. साधं रीड–सॉलोमन घ्या.

एम एक ठेवू नका, कितीही जागा वाचत असली तरी. एक डिस्क गेल्यावर दुरुस्तीसाठी बाकीच्या डिस्क सलग तासन्‌तास वाचल्या जातात. वर्षभर कुणी न वाचलेला एखादा खराब सेक्टर नेमका तेव्हाच उघडा पडतो. एम एक असेल तर तो तुकडा कायमचा गेला.

सात ते नऊ यंत्रं असतील तर ४+२. बारा किंवा जास्त असतील आणि नेटवर्क १० गिगाबिटचं असेल तर ८+३ चा विचार करा. चारच यंत्रं असतील तर काही जण २+२ करतात. त्यात जागा निम्मी मिळते, पण राखीव यंत्र राहत नाही. तिथे तीन प्रती ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. सातच्या खाली इरेजर कोडिंग नकोच, असं माझं मत झालंय.

आणि हे ठळक लिहून ठेवा: पूल बनल्यावर के आणि एम बदलता येत नाहीत. बदलायचे म्हणजे नवा पूल बनवून सगळा डेटा तिकडे हलवायचा. माझे ४० टीबी हलायला आठवडे लागले.

पायरी ४: जागेचा हिशेब

दुकानातल्या आकड्यावरून थेट भागाकार करू नका. माझा आताचा हिशेब असा आहे:

७ यंत्रं, प्रत्येकी ८ टीबीच्या २ डिस्क: ११२ टीबी.
एक यंत्र गेलं तरी बसायला हवं: ११२ वजा १६, म्हणजे ९६ टीबी.
सेफ ८५ टक्क्यांना 'भरत आलंय' असा इशारा देतो, तेवढंच धरायचं: ८१.६ टीबी.
४+२ साठी दीडने भागा: ५४.४ टीबी.

यात ४० टीबी बसतात आणि वाढीला थोडी जागा उरते. हाच ८१.६ तीन प्रतींसाठी तीनने भागला तर २७.२ येतात, म्हणजे बसतच नाहीत. आणखी एक. दुकानातली ८ टीबीची डिस्क सेफमध्ये ७.२८ दिसते, कारण सेफ १०२४ च्या पटीत मोजतो. घाबरू नका, पण हिशेब करताना दोन्ही मापं एकत्र मिसळू नका.

इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. ९० टक्क्यांना दुरुस्तीचे तुकडे त्या डिस्कवर यायचे थांबतात आणि ९५ ला लिहिणंच बंद होतं. काठोकाठ भरलेल्या क्लस्टरमध्ये यंत्र पडलं की दुरुस्ती अडते.

पायरी ५: सामान आणि कागदपत्रं जमवा

– के अधिक एमपेक्षा निदान एक जास्त यंत्र, जमेल तितकी सारखी. एकात ४० टीबी आणि दुसऱ्यात ८ टीबी असं असेल तर मोठ्या यंत्रातली बरीचशी जागा वाया जाते.
– हार्ड डिस्क सीएमआर, म्हणजे डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर न चढवणाऱ्या पद्धतीच्या. एसएमआर डिस्क स्वस्त मिळतात, पण दुरुस्तीच्या वेळी त्यांचा वेग कोसळतो. विकत घेण्याआधी मॉडेल क्रमांकावरून खात्री करा. शक्य असेल तर सगळ्या एकाच खेपेतल्या घेऊ नका.
– दर डिस्कमागे निदान ४ जीबी रॅम, कारण सेफची प्रत्येक डिस्क-सेवा मूळ ठरवणीप्रमाणे तेवढी वापरायला बघते. यंत्राची स्वतःची गरज वेगळी धरा.
– १० गिगाबिटचा स्विच. १ गिगाबिटवर चालतं, पण दुरुस्तीच्या दिवशी जीव टांगणीला लागतो.
– सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळवणारी सेवा. मॉनिटरच्या (पडदा नव्हे, क्लस्टरच्या स्थितीची नोंद ठेवणारी सेवा) घड्याळांत सेकंदाच्या विसाव्या भागाहून जास्त फरक पडला की सेफ तक्रार करतो.
– एक वही किंवा छापील कागद: कोणत्या यंत्रात कोणत्या खणात कोणत्या सिरियल क्रमांकाची डिस्क आहे, कोणतं यंत्र कोणत्या यूपीएसवर आहे, प्रोफाइलमध्ये काय लिहिलंय. हा कागद क्लस्टरवरच ठेवू नका.
– डिस्कची बिलं आणि वॉरंटीचे कागद. वॉरंटीत बदलून घेताना सिरियल क्रमांक विचारतातच.

पायरी ६: प्रोफाइल आणि पूल बनवा

प्रोफाइलमध्ये पाच गोष्टी स्वतः लिहा, मूळ ठरवणीवर सोडू नका: के, एम, प्लगइन, फेल्युअर डोमेन आणि डिस्कचा वर्ग. न सांगता बनवलेलं प्रोफाइल सध्याच्या आवृत्त्यांत २+२ असतं, पूर्वी २+१ असायचं. फेल्युअर डोमेन 'होस्ट', म्हणजे यंत्र, ठेवा. डिस्कचा वर्ग लिहिला नाही तर एसएसडी आणि साध्या (फिरत्या) हार्ड डिस्क एकाच पूलमध्ये मिसळतात.

सेफची फाइल सिस्टीम वापरणार असाल तर तिला तीन पूल लागतील. पहिला मेटाडेटाचा (फाइलींची नावं, फोल्डर यांच्या नोंदींचा), हा तीन प्रतींचाच असायला हवा, कारण त्यात ज्या प्रकारच्या नोंदी राहतात त्या इरेजर कोडिंगच्या पूलमध्ये ठेवता येत नाहीत. दुसरा मूळ डेटा पूल, हाही तीन प्रतींचा ठेवा. प्रत्येक फाइलचा माग काढण्याची नोंद तिथे राहते आणि हा पूल नंतर बदलता येत नाही. तिसरा तुमचा इरेजर कोडिंगचा पूल. तो जादा डेटा पूल म्हणून जोडा आणि ज्या फोल्डरमध्ये स्कॅन जाणार त्याच्या लेआउटमध्ये (फाइली कुठे साठवायच्या याच्या सेटिंगमध्ये) या पूलचं नाव द्या. तिसऱ्या पूलवर 'ओव्हररायट'ची (आधी लिहिलेल्यावर पुन्हा लिहिण्याची) परवानगी चालू करायला विसरू नका. ही सोय २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीपासून आहे आणि तिला ब्लूस्टोअर लागतो.

फोल्डरचा लेआउट बदलल्यावर फक्त नव्या फाइली नव्या पूलमध्ये जातात. आधीच्या जिथल्या तिथे राहतात, त्या कॉपी करून पुन्हा लिहाव्या लागतात. मी दोन दिवस 'पूल रिकामा का दिसतोय' म्हणून शोधत होते.

पूल बनला की पीजींची (प्लेसमेंट ग्रुप, म्हणजे एकाच डिस्कसंचावर जाणाऱ्या ऑब्जेक्टचे गट) यादी उघडा. एखाद्या पीजीसमोर यंत्रणेने निवडलेल्या डिस्कच्या क्रमांकांत २१४७४८३६४७ असा भला मोठा आकडा दिसला, तर त्या नावाची डिस्क शोधत बसू नका. त्याचा अर्थ 'इथे ठेवायला जागा सापडली नाही'. बहुधा यंत्रं कमी पडताहेत. पायरी २ पुन्हा वाचा.

पायरी ७: छोट्या फाइलींचा सापळा

प्रत्येक पानामागे ओळखलेल्या मजकुराची एक छोटी फाइल होती, सुमारे ३ केबीची. त्याही मी त्याच फोल्डरमध्ये टाकल्या. साडेआठ लाख फाइली, एकूण अडीच जीबी मजकूर. डिस्कवर त्यांनी सव्वातीनशे जीबीहून जास्त जागा खाल्ली.

कारण असं. ब्लूस्टोअर डिस्कवर ठरावीक मापाचे घास घेतो. जुन्या आवृत्त्यांत साध्या डिस्कवर हा घास ६४ केबीचा होता. ३ केबीची फाइल असली तरी तिचे सहा तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा ६४ केबी अडवतो, म्हणजे ३८४ केबी. २०२१ च्या पॅसिफिक आवृत्तीपासून घास ४ केबीचा झाला, तेव्हा हाच आकडा २४ केबीवर येतो. पण हे माप डिस्क सेफमध्ये दाखल होते त्या क्षणी ठरतं. नुसतं सॉफ्टवेअर अद्ययावत करून जुन्या डिस्कचं माप बदलत नाही. ती डिस्क काढून, पुसून नव्याने दाखल करावी लागते.

उपाय सोपा निघाला. वर्तमानपत्राच्या एका अंकाच्या सगळ्या मजकूर-फाइली एका टार गठ्ठ्यात बांधल्या. रोज शोधायला लागतो तो मजकूर तीन प्रतींच्या पूलवर, एसएसडीवर ठेवला.

पायरी ८: खरा डेटा टाकण्याआधी मोडून बघा

ही पायरी कुणीच करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच.

काही जीबीच्या चाचणीच्या फाइली टाका. त्यांची शा-२५६ चेकसम क्लस्टरच्या बाहेर लिहून ठेवा. मग एका यंत्राची नेटवर्क केबल सरळ काढा. फाइली वाचा, चेकसम ताडा, नवी फाइल लिहून बघा. सगळं चालायला हवं. सेफ मूळ ठरवणीप्रमाणे १० मिनिटं थांबतो आणि मग त्या यंत्रावरच्या डिस्क बाद ठरवून दुरुस्ती सुरू करतो. ती दुरुस्ती शेवटपर्यंत बघा, घड्याळ लावून. तुमच्या क्लस्टरचा दुरुस्तीचा वेग कळायला दुसरा मार्ग नाही.

आता केबल परत लावा, सगळं हिरवं होऊ द्या आणि दोन यंत्रांच्या केबली एकदम काढा. इथे बहुतेकांना धक्का बसतो. ४+२ दोन यंत्रं जाणं सहन करतं ना? मग फाइली का अडल्या? सेफमध्ये 'मिन साइझ' नावाची मर्यादा असते, इरेजर कोडिंगच्या पूलला ती के अधिक एक, म्हणजे इथे पाच. ज्या ऑब्जेक्टचे सहापैकी चारच तुकडे उरलेत त्याचं वाचन-लेखन सेफ मुद्दाम थांबवतो. डेटा शाबूत असतो. २०२० च्या ऑक्टोपस आवृत्तीपासून अशा अवस्थेतही दुरुस्ती चालते. बंद यंत्रं बाद ठरवली आणि पाचवं यंत्र मोकळं असलं की पाचवा तुकडा बनतो आणि फाइली पुन्हा उघडतात. सात यंत्रांतून दोन गेली तर पाच उरतात, काम होतं. सहांतून दोन गेली तर चार. तिथे अडकून बसाल.

त्या क्षणी इंटरनेटवर शोधलंत तर 'मिन साइझ कमी करून चार करा' असं उत्तर मिळेल. केलंत तर फाइली लगेच उघडतील. पण त्या अवस्थेत लिहिलेल्या डेटाला एकही जादा तुकडा नसतो. आणखी एक डिस्क गेली की तो गेलाच. वाचन अगदी तातडीचं असेल, लिहिणारे सगळे बंद केलेले असतील, तरच तेवढ्यापुरतं करा आणि काम झालं की लगेच पाचवर आणा.

दुसरा धक्का मॉनिटरचा. क्लस्टर चालायला मॉनिटरांपैकी निम्म्याहून जास्त जिवंत लागतात. तीन मॉनिटर ठेवलेत आणि गेलेली दोन यंत्रं त्यातलीच निघाली, तर तुकडे कितीही असोत, क्लस्टर थांबतं. दोन यंत्रं गेलेली चालवायची असतील तर पाच मॉनिटर ठेवा.

पायरी ९: चालू झाल्यावर

ठरवून यंत्र बंद करायचं असेल, रॅम वाढवायला किंवा पंखा बदलायला, तर आधी 'नो-आउट' झेंडा लावा. नाहीतर १० मिनिटांनी सेफ उगाच टीबीच्या टीबी हलवायला लागतो. काम झालं की झेंडा काढा. तो विसरून राहिला आणि नंतर खरंच यंत्र पडलं तर दुरुस्ती सुरूच होत नाही. मी झेंडा लावते तेव्हा त्या यंत्राच्या दारावर कागद चिकटवते.

स्क्रब, म्हणजे साठवलेल्या डेटाची नेमाने होणारी तपासणी, बंद करू नका. खोल स्क्रब आठवड्यातून एकदा प्रत्येक तुकडा वाचून चेकसम ताडतो, म्हणजे न वापरलेल्या डेटातला बिघाड दुरुस्तीच्या दिवसाआधीच कळतो. कामाच्या वेळेत त्याचा त्रास होत असेल तर रात्रीची वेळ नेमून द्या.

डिस्क बदलताना सिरियल क्रमांक वहीतून वाचा आणि डिस्कवरचा क्रमांक बाहेर काढण्याआधी दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. मेलेली डिस्क बाजूला राहून चांगली ओढली गेली, की सहा तुकड्यांतला एक आधीच गेलेला असतो आणि दुसरा तुमच्या हातात असतो.

आणि बॅकअप वेगळा घ्याच. कुणी चुकून फोल्डर पुसलं तर सेफ सहाच्या सहा तुकडे इमाने इतबारे पुसतो. खोलीत पाणी शिरलं तर सातही यंत्रं भिजतात. आमच्या ४० टीबीची एक प्रत दुसऱ्या गावी सुट्या डिस्कवर आहे. दर तीन महिन्यांनी त्यातल्या शंभर फाइली काढून त्यांची चेकसम मूळ यादीशी ताडतो. पुढची पाळी दिवाळीनंतरच्या सोमवारी आहे.